टॉर्पेडो बॅट: लाकूड तेवढंच, जागा वेगळी

टोलेबाज (धागाकर्ता)

२९ मार्च २०२५. अमेरिकेतला बेसबॉलचा सामना, न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध मिलवॉकी ब्रूअर्स. यँकीजच्या डावातले पहिले तीन चेंडू आणि तिन्ही थेट प्रेक्षकांत. गोल्डश्मिट, बेलिंजर, जज, ओळीने. दिवस संपला तेव्हा एकूण नऊ होम रन झाले होते, यँकीजचा एका सामन्यातला विक्रम. निकाल २०-९. दुसऱ्या दिवशी मात्र चर्चा धावांची नव्हती, बॅटींची होती. यांच्यातल्या काहींच्या बॅटी अशा का दिसताहेत?

ज्यांनी फोटो पाहिले नसतील त्यांच्यासाठी: नेहमीची बेसबॉल बॅट हँडलपासून पुढे जाड होत जाते आणि जाड झाली की टोकापर्यंत तशीच राहते. या बॅटींचं पोट टोकाच्या अलीकडेच सुटतं आणि पुढे त्या पुन्हा निमुळत्या होतात. म्हणून नाव पडलं टॉर्पेडो. कुणाला बोलिंगची पिन आठवली. मला विचाराल तर पोटात फुगलेलं लाटणं.

ही कल्पना पुढे रेटणारा माणूस आरन लीनहार्ट. एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएचडी. तिथे असताना अणूंचा वायू केल्विनच्या एक अब्जांशापेक्षाही खाली थंड करणाऱ्या चमूत होता, आणि पुढे यँकीजमध्ये फलंदाजीच्या आकडेवारीवर काम करायला आला. त्याचा प्रश्न अगदी साधा होता. खेळाडू चेंडू जिथे मारतात तिथे लाकूड कमी का, आणि जिथे चेंडू क्वचितच लागतो त्या टोकाला एवढं का? यँकीजच्या अँथनी व्होल्पीचे बरेच फटके बॅटवरच्या कंपनीच्या छापाजवळ, म्हणजे हातांच्या बाजूला लागत होते. मग पोट तिकडे सरकवलं.

नियमात बसतं का? बसतं. मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा) नियम एवढंच सांगतो की बॅट एकाच अखंड लाकडाची, गोल, गुळगुळीत हवी, जास्तीत जास्त ४२ इंच लांब आणि सर्वांत जाड जागी २.६१ इंच. ती सर्वांत जाड जागा कुठे असावी हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

गंमत म्हणजे त्या दिवशी सर्वांत जास्त, तीन होम रन मारले ते आरन जजने, आणि त्याची बॅट नेहमीचीच होती! म्हणून प्रश्न पडलाय. बॅटमध्ये जोर नव्याने घालता येतो का, की आहे तोच इकडचा तिकडे करता येतो? बेसबॉलच नाही, क्रिकेट, टेनिस, टेबल टेनिस, काहीही चालेल. लिहा.

शंकासुर

मारणारा मारतो, बॅट नाही. जजचं उदाहरण तुम्हीच दिलंत. विषय संपला.

अर्धवट_भौतिकी

@शंकासुर, संपला कसला, आत्ता कुठे सुरू होतोय.

तराजूवरचं वजन आणि फिरवताना जाणवणारं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच हातोडी एकदा दांड्याला धरून फिरवा आणि एकदा लोखंडाला धरून, लगेच कळेल. फिरवताना लाकडाच्या प्रत्येक कणाचा बोजा अंतराच्या वर्गाने वाढतो. हाताच्या पकडीपासून २२ इंचांवर असलेलं लाकूड १८ इंचांवर आणलं, तर त्या लाकडापुरता बोजा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. (१८ चा वर्ग भागिले २२ चा वर्ग, करून बघा.) तराजू मात्र तेच वजन दाखवतो.

म्हणजे टॉर्पेडोवाल्याला दोन पर्याय मिळतात. एक तर तेवढ्याच वजनाची बॅट जरा चपळपणे फिरवायची, चेंडू अंमळ उशिरापर्यंत बघत राहायचा. किंवा फिरवण्याचा बोजा पूर्वीइतकाच ठेवून पोटात आणखी लाकूड भरायचं. दोन्ही एकदम मिळत नाही. जोर नवा येत नाही, धागाकर्त्याने म्हटलं तसा इकडचा तिकडे होतो.

शंकासुर

आणि चेंडू टोकाला लागला की?

अर्धवट_भौतिकी

तर बोंब. टोक बारीक, तिथे चेंडूमागे वस्तुमान कमी. बाहेरच्या कडेचे चेंडू टोकाने ओढून काढणाऱ्या फलंदाजाला ही बॅट देऊच नये. म्हणून तर संघातल्या सगळ्यांनी ती घेतली नाही. ही सर्वांसाठीची बॅट नाही, मापं घेऊन शिवलेला कपडा आहे. एवढी मापं पूर्वी घेता येत नव्हती. चेंडू बॅटवर नेमका कुठे लागला हे प्रत्येक फटक्याला टिपणारे कॅमेरे आत्ता आत्ता आले.

रंधा

मी लाकडाचं काम करतो, खराद आहे, म्हणून राहवलं नाही. टॉर्पेडोचा आकार काढणं हे खरादावर काहीच नाही. साचा बदलला की झालं. तुम्ही ज्याला नवा शोध म्हणताय त्यापेक्षा मोठी उलथापालथ लाकडात झाली, तिच्याबद्दल मात्र कुणी धागा काढत नाही.

पूर्वी बेसबॉलची बॅट म्हणजे अ‍ॅश. हलकं, थोडं लवचिक, रेषा उठून दिसणारं लाकूड. १९९७ च्या सुमारास कॅनडातल्या ओटावाच्या सॅम होलमन नावाच्या सुताराने मेपलच्या बॅटी बनवल्या आणि ज्यो कार्टर या खेळाडूने त्यातली एक मैदानात नेली. मग २००१ साली बॅरी बाँड्सने मेपलच्याच बॅटने ७३ होम रन मारले आणि सगळे मेपलमागे धावले. अ‍ॅश वापरून वापरून पापुद्र्यांसारखी सुटत जाते. मेपल तशी सुटत नाही, पृष्ठभाग कडक राहतो. पण ती मोडते तेव्हा सांगून मोडत नाही. मधोमध तुटून भाल्यासारखा तुकडा भिरकावते. २००८ मध्ये हे इतकं वाढलं की लीगने लाकूडतज्ज्ञांना बोलावलं. अमेरिकन वनखात्याच्या मॅडिसनमधल्या प्रयोगशाळेने मोडक्या बॅटींचा ढीग तपासला.

सापडलं काय? रेषेचा तिरपेपणा. मेपलच्या रेषा डोळ्यांना नीट दिसत नाहीत, त्यामुळे हँडलमध्ये त्या तिरक्या गेल्या तरी कळत नाही. त्यावर उपाय इतका साधा की मी ऐकून खूश झालो. हँडलवर शाईचा एक ठिपका द्यायचा. शाई लाकडाच्या नळ्यांतून पसरते आणि रेषा कुठे चालली आहे ते स्वतःच दाखवते. कल ३ अंशांच्या आत हवा, म्हणजे २० इंचांत साधारण एक इंच. जास्त असेल तर बॅट बाद. आजही मेपल आणि बर्चच्या बॅटींवर तो ठिपका दिसेल. दुसरा बदल छापाचा. मेपलवर छाप पाव फेरा फिरवून मारायला लागले, म्हणजे छाप वर धरायच्या सवयीने चेंडू आपोआप लाकडाच्या मजबूत बाजूवर लागतो. दोन्ही मिळून फुटून उडणाऱ्या बॅटी निम्म्यावर आल्या.

मी स्वतः एका ठोकळ्यावर करून पाहिलं. वरून बघताना रेषा सुतासारखी सरळ वाटत होती. बॉलपेन नको, पातळ शाई घ्या. ठिपका टेकवला आणि मोजून दहा सेकंदांत त्याला शेपूट फुटलं. चक्क तिरकं! तो ठोकळा बॅटीला घेतला असता तर कुणाच्या तरी अंगावर गेला असता.

अवांतर: अ‍ॅश आता मागे पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे एक हिरवा भुंगेरा. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, तेव्हापासून त्याच्या अळ्या झाडाच्या सालीखाली बोगदे पाडून अमेरिकेतली अ‍ॅशची झाडं संपवत चालल्या आहेत. बॅट कशाची असावी हे कधी कधी किडाही ठरवतो.

सायलेंट_वाचक

रंधाकाका, वर्षभर नुसती वाचत होते, आज लॉगिन केलं. शाईचा ठिपका!! ___/\___

स्लिपमधला

क्रिकेटवाल्यांनी गप्प बसून कसं चालेल? नियमात लिहिलं नव्हतं म्हणून केलं, ही परंपरा आमच्याकडे २५० वर्षं जुनी आहे. १७७१ मध्ये थॉमस व्हाइट नावाचा गडी यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन हॅम्बल्डन क्लबविरुद्ध उतरला. समोरच्यांनी लेखी तक्रार केली आणि रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. ती आजही तेवढीच आहे.

मग १९७९ चा डिसेंबर, पर्थ. डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन आला. बोथमला ड्राइव्ह मारला, तीन धावा, आणि मैदानभर टणटण आवाज. इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रेअर्ली म्हणाला, याने चेंडू खराब होतोय. पंचांनी बॅट बदलायला सांगितली, लिली ऐकेना, शेवटी ग्रेग चॅपल लाकडी बॅट घेऊन आत आला तेव्हा लिलीने ती अ‍ॅल्युमिनियमची बॅट भिरकावून दिली. पुढच्या वर्षी नियमात शब्द आले: पातं लाकडाचंच हवं.

पण माझं आवडतं उदाहरण १९७४ चं, ग्रे-निकल्स कंपनीची ‘स्कूप’ बॅट. बॅटच्या पाठीचं मधलं लाकूड खरवडून काढलं आणि वजन दोन्ही कडांना ठेवलं. का? तर मधोमध बसलेल्या चेंडूला मदतीची गरजच नसते, कडेला लागलेल्याला असते. कडा जड असल्या की बॅट हातात कमी वळते. ही कल्पना आली गोल्फमधून. तिथे कार्स्टन सोल्हाइमने पटरच्या (चेंडू हळूच भोकात ढकलायच्या काठीच्या) डोक्याच्या मधलं वजन काढून ते टाचेला आणि टोकाला नेलं होतं. त्याच्या पहिल्या पटरचा चेंडूला लागताना ‘पिंग’ असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं.

आता बघा, टॉर्पेडो याच्या बरोबर उलट आहे. स्कूप म्हणते, तू चुकणारच, मी सांभाळून घेते. टॉर्पेडो म्हणते, तू नेहमी याच जागी चुकतोस, म्हणून मीच तिकडे सरकते. :)

बॅकहँडवाली

@स्लिपमधला, शेवटची दोन वाक्यं वहीत लिहून घेतली.

तुमच्या कडांच्या मुद्द्यावर टेनिसने अख्खा उद्योग उभा केला. हॉवर्ड हेडने आधी धातूच्या स्की बनवून नाव काढलं, मग निवृत्तीत टेनिस शिकायला लागला आणि चेंडू मधोमध काही बसेना. रॅकेट हातात वळायची. त्याने रॅकेट रुंद केली. वळण्याला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाने वाढतो, हे वर अर्धवटांनी सांगितलेलंच गणित, फक्त आडवं. १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचांची रॅकेट आली. लाकडी रॅकेटींचं डोकं तेव्हा साधारण ६५ ते ७० असायचं. लोक हसले, म्हाताऱ्यांचं खेळणं म्हणाले. १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तीच घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेली, मग हसणं थांबलं.

आणि बंदीच हवी असेल तर स्पॅगेटी रॅकेट. उभ्या तारांचे दोन थर, एकमेकांत न विणलेले, मधे प्लास्टिकच्या नळ्या. चेंडू लागला की तारा सरकायच्या आणि परत येताना त्याला भयंकर फिरकी द्यायच्या. १९७७ मध्ये रोमानियाचा इली नास्तासे ती घेऊन अर्जेंटिनाच्या गिलर्मो विलासविरुद्ध उतरला. विलास तेव्हा क्ले कोर्टवर सलग ५३ सामने जिंकलेला. दोन सेट गेल्यावर तो वैतागून निघूनच गेला. तोपर्यंत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्याच नियमात नव्हती. फ्राइंग पॅन घेऊन उतरलं असतं तरी चाललं असतं! नंतर घाईघाईने लिहिलं की तारा एकमेकींत विणलेल्या हव्यात.

पेनहोल्ड

टेबल टेनिस राहिलं. ही गोष्ट मुंबईत घडलेली आहे आणि आपल्याकडेच कुणाला माहीत नसते.

१९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत होती. तेव्हा सगळे लाकडावर बारीक दाण्यांचं रबर लावून खेळत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचा विजेता होऊन गेला. वेग आणि फिरकी होतीच, पण समोरच्यांचा खरा घात केला शांततेने. टक-टक आवाजावरून फटका किती जोरात आलाय याचा अंदाज घ्यायची सगळ्यांना सवय होती. स्पंजवर चेंडू आवाजच करत नव्हता. १९५९ मध्ये नुसता स्पंज बंद झाला आणि रबरासह एकूण जाडीवर ४ मिलिमीटरची मर्यादा आली.

पुढचा डाव आणखी बेरकी. दोन बाजूंना दोन वेगळ्या स्वभावाची रबरं, एक फिरकी देणारं, एक फिरकी मारणारं, पण दोन्हींचा रंग एकच. रॅली चालू असताना बॅट हातात फिरवायची, समोरच्याला कळायचंच नाही कुठल्या बाजूने मारलं. म्हणून १९८६ पासून एक बाजू लाल, दुसरी काळी. पुढे लालऐवजी इतर भडक रंगांनाही परवानगी मिळाली, काळी बाजू तशीच राहिली. रंग शोभेसाठी नाहीत हो, पुरावा म्हणून आहेत.

टोलेबाज

@पेनहोल्ड, आवाजाचं बेसबॉलमध्येही तसंच आहे. येलचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट एडेर यांनी लिहिलंय की दूरवरचा क्षेत्ररक्षक चेंडू पुढे पडणार की मागे हे लाकडाच्या आवाजावरून ओळखतो. ठणठणीत ‘कडाक’ आला तर मागे पळा, बद्द आला तर पुढे या.

उगाच_एक

कॉर्क भरलेल्या बॅटीचं कुणीच काढलं नाही अजून? सॅमी सोसा!

अर्धवट_भौतिकी

३ जून २००३. बॅट फुटली आणि आतून कॉर्क निघालं. सोसा म्हणाला, सरावाची बॅट चुकून आणली. त्याच्या बाकीच्या ७६ बॅटींचे एक्स-रे काढले, एकातही काही सापडलं नाही. शिक्षा शेवटी सात सामन्यांची.

पण खरी मजा पुढे आहे. टोकातून भोक पाडायचं, लाकूड काढायचं, कॉर्क भरायचं. लोकांना वाटतं कॉर्क स्प्रिंगसारखं चेंडूला ढकलतं. लाकडाची भिंत एवढी जाड असते की आतलं कॉर्क चेंडूला भेटतच नाही. बॅट हलकी होते एवढंच, जरा वेगाने फिरते, पण चेंडूमागचं वस्तुमानही घटतं. अ‍ॅलन नेथन या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत चेंडू झाडून मोजलं: चेंडू जास्त लांब जात नाही. म्हणजे बंदी आली, नामुष्की झाली, आणि फायदा काहीच नाही.

पोकळ अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. तिथे भिंत खरोखर आत दबते आणि परत येते. लाकडी बॅटवर चेंडू स्वतः चेपतो आणि चेपताना बरीचशी ऊर्जा त्याच्या आतच जिरते. धातूची भिंत दबली की चेंडू कमी चेपतो, म्हणजे कमी जिरते. ट्रॅम्पोलिनसारखं. @टोलेबाज, तुमच्या प्रश्नाला अपवाद हवा असेल तर हा. इथे जोर इकडचा तिकडे होत नाही, वाया जाणारा वाचतो.

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये १९७४ पासून या बॅटी चालतात, कारण लाकडी सतत मोडायच्या आणि खर्च व्हायचा. मग कारखाने भिंत पातळ करत गेले, त्यानंतर कंपोझिट (तंतू आणि राळ यांचे थर) आलं, आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, तोंडावर येणारे चेंडू धोकादायक होऊ लागले. २०११ पासून बीबीकोर नावाची मर्यादा आली. चेंडू-बॅट टकरीतला उसळीचा गुणांक ०.५० च्या वर नको, म्हणजे धातूची बॅट लाकडाच्या जवळपास यावी. त्या एका मोसमात होम रन जवळजवळ निम्मे झाले. खेळाडू तेच होते, शंकासुर.

कंपोझिटची आणखी एक भानगड म्हणजे ती वापरून वापरून सुधारते. आतल्या थरांमध्ये बारीक भेगा पडतात, भिंत मऊ होते, ट्रॅम्पोलिन वाढतं. लोक नवी बॅट मुद्दाम रोलरखालून काढायला लागले. मग चाचणीवाल्यांनीही बॅट आधी मुद्दाम जुनी करून मग मोजायला सुरुवात केली!

स्लिपमधला

विलोची बॅट आपणही ठोकून ठोकून तयार करतोच की. फरक इतकाच की आपण पृष्ठभाग कडक करतो, ते भिंत मऊ करतात.

आणि मर्यादेचं म्हणाल तर २०१७ पासून क्रिकेटमध्येही कड ४० मिलिमीटर, जाडी ६७. त्याआधी बॅटी एवढ्या फुगल्या होत्या की कडेला लागलेला चेंडूही सीमेपार जायचा. गोलंदाज बिचारा कपाळाला हात. २०२५ च्या आयपीएलमध्ये तर पंच भर मैदानात बॅट गेजमधून घालून बघत होते.

शंकासुर

होम रनचं मान्य. पण एक सांगा, फटका मारताना घट्ट पकडलं नाही तर चेंडू जातो का? बॅट बॅट काय करताय, मनगटात दम लागतो.

अर्धवट_भौतिकी

आता तुम्हाला राग येणार. चेंडू आणि बॅट एकमेकांना एक सहस्रांश सेकंदापेक्षा कमी वेळ भेटतात. टकरीची लाट बॅरलमधून (बॅटच्या जाड भागातून) हँडलपर्यंत जाऊन परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणी तुम्ही हँडल घट्ट धरलंय की सैल, हे चेंडूला कळतच नाही. दम लागतो तो बॅट तिथपर्यंत वेगाने आणि नेमकी नेण्यासाठी.

शंकासुर

राग नाही आला. पटलंही नाही.

बॅकहँडवाली

हाताचा विषय निघालाय तर कुऱ्हाडीच्या दांड्यासारख्या हँडलचं सांगायचं राहू नये. गोल मुठीचा गोळा तळहाताच्या करंगळीकडच्या भागात रुततो आणि तिथलं हॅमेट नावाचं आकडीसारखं हाड मोडतं. बेसबॉलपटूंची नेहमीची दुखापत आहे ही. लाकूडतोडे शेकडो वर्षं लंबगोल, तिरका दांडा वापरत आलेत, बॅटीला तो लावायचं फार उशिरा सुचलं. बेसबॉलपटू मूकी बेट्स अशी बॅट वापरायचा. यात चेंडू लांब जाण्याचा प्रश्नच नाही, हात शाबूत राहतो. मला तर या धाग्यातला सर्वांत शहाणा बदल हाच वाटला.

टोलेबाज

तुमचं सगळं वाचून काल प्रयोग केला. माझ्याकडे अ‍ॅशची एक जुनी बॅट आहे. हँडल दोन बोटांत सैल लटकवलं आणि छोट्या हातोडीने टोकापासून अर्ध्या-अर्ध्या इंचावर ठोकत वर आलो. टोकाला ठोकलं की बोटांत झिणझिण्या, आवाज भसाडा. साडेसहा इंचांवर आलो आणि झिणझिणी गायब. आवाजही स्वच्छ. तिथे खडूने रेघ मारली. मग बॅरलवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, रेघ तिच्यावर परत काढली आणि मातकट चेंडूने चाळीस फटके मारले. डाग मोजले तर रेघेवर आठ, टोकाकडे पाच, आणि सत्तावीस रेघेच्या वर, हातांकडे. बहुतेक सगळे दोन-अडीच इंचांच्या पट्ट्यात दाटीवाटीने.

म्हणजे मी व्होल्पी निघालो, निदान चुकण्याच्या बाबतीत. रंधाकाका, याच बॅटीचं पोट तिथे सरकवता येईल का?

रंधा

नाही. खरादावर लाकूड फक्त काढता येतं. तुमच्या बॅटीचं टोक मी बारीक करून देईन, पण डागांच्या जागी भर कुठून आणू? नवा ठोकळा लागेल, आणि टोकाचं लाकूड जाणार म्हणून जरा जड निवडावा लागेल. ती पट्टी काढू नका, तशीच घेऊन या, मापं तिच्यावरूनच घेतो. मेपल बघून ठेवतो. शाईचा ठिपका आधी, मग बाकीचं.

शंकासुर

मापं घेताना चेंडू कोण टाकत होतं तेही विचारा त्यांना. मी बाहेरच्या कडेला टाकायला लागलो की तो पांढऱ्या पट्टीचा हिशोब परत करावा लागेल.